बाबांची ‘शांत करणारी’ गोळी बंद करू का?

पत्र : माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. उजवा हात आठवडाभर उचलत नव्हता, मग सुधारला. विसरणं मात्र तेव्हापासून वाढत गेलं. एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, मेंदूत जुन्या छोट्या पक्षाघातांच्या खुणा आहेत आणि अल्झायमरचीही लक्षणं दिसतात, म्हणजे मिश्र प्रकारचा डिमेन्शिया. रक्तदाबाची गोळी, रक्तात गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी पहिल्यापासून आहे. आठ महिन्यांपूर्वी स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल सुरू झाली. सारखं लघवीला जावं लागतं म्हणून तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिली. दोन महिन्यांपासून संध्याकाळ झाली की बाबा चिडतात, ओरडतात. एकदा त्यांनी आईचा हात पिरगाळला. मग लगेच रिस्पेरिडोन अर्धा मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झाली. ओरडणं थांबलं, पण आता दिवसभर पेंगतात आणि पाय ओढत चालतात. गेल्या आठवड्यात गोळीसोबतच्या कागदावर वाचलं की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या औषधाने पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तीन दिवस झाले, कुणालाही न सांगता मी ती गोळी देत नाहीये. दादाला कळलं तर तो घर डोक्यावर घेईल. मी केलं ते बरोबर की चूक? डोनेपेझिलनेही काही फरक पडलेला नाही, तीही बंद करू का? चुलतभाऊ म्हणतो अल्झायमरवर नवीन इंजेक्शन आलं आहे, ते बाबांना देता येईल का?
— एक मुलगी

प्रिय ताई,

आधी आजचं काम. हे वाचून झालं की बाबांच्या डॉक्टरांना फोन लावा आणि सरळ सांगा, ‘तीन दिवसांपासून रिस्पेरिडोन दिलेली नाही, पुढे काय करू?’ फार स्पष्टीकरण देत बसू नका. त्यांचं उत्तर येईपर्यंत ती गोळी स्वतःहून पुन्हा सुरू करू नका, आणि राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून एकदम जास्त तर मुळीच देऊ नका. बाबांचा डोस लहान होता आणि तो दोनच महिने चालला, त्यामुळे तीन दिवसांच्या खंडाने मोठं संकट ओढवण्याची शक्यता कमी आहे. तरी झोप उडाली, मळमळ किंवा घाम सुरू झाला, जुनी चिडचिड दुप्पट जोराने परत आली, तर लगेच कळवा. बाकीची एकही गोळी मात्र चुकू देऊ नका. रक्तदाबाची आणि क्लोपिडोग्रेल तर अजिबात नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुमची भीती खरी आहे. बाबांच्या बाबतीत या गोळीचा पुनर्विचार व्हायलाच हवा होता, असं माझंही मत आहे. पण ती गुपचूप थांबवणं धोक्याचं आहे. समजा आज रात्री बाबांना काही झालं आणि दादा त्यांना घेऊन दवाखान्यात गेला, तर तो तिथल्या डॉक्टरांना औषधांची चुकीची यादी देईल, आणि पुढचे सगळे निर्णय त्या चुकीच्या यादीवर घेतले जातील. म्हणून आज डॉक्टरांना आणि आजच दादाला सांगायचं. दादाकडे मी शेवटी येते.

रिस्पेरिडोन हे स्मरणशक्तीचं औषध नाही. ते स्किझोफ्रेनियासारख्या आजारांसाठी तयार झालेलं मनोविकारविरोधी औषध आहे. डिमेन्शियाच्या रुग्णाला भास व्हायला लागले, तो कुणाला मारायला लागला, तर तेवढ्यापुरतं ते वापरलं जातं. अशा औषधांचा आणि पक्षाघाताचा संबंध काही आज कळलेला नाही. रिस्पेरिडोनबद्दल पहिला इशारा कॅनडाच्या आरोग्य खात्याने २००२ मध्ये दिला, पुढच्या वर्षी अमेरिकेने. २००४ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने सांगितलं की डिमेन्शियातल्या वागण्याच्या तक्रारींसाठी रिस्पेरिडोन आणि त्याच गटातलं ओलान्झापिन वापरू नये. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या सगळ्या नव्या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण १७ चाचण्या एकत्र पाहिल्यावर औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४.५ टक्के आणि तुलनेसाठी औषध नसलेली नुसती साधी गोळी घेणाऱ्यांमध्ये २.६ टक्के निघालं, तेही साधारण दहा आठवड्यांच्या काळात. २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. तुम्ही वाचलेली ओळ तिथूनच आली आहे.

पक्षाघाताचे आकडे बघा. रिस्पेरिडोनच्या चाचण्यांत डिमेन्शिया असलेल्या वृद्धांपैकी औषध घेणाऱ्या ३.३ टक्के लोकांना मेंदूच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित त्रास झाला, न घेणाऱ्यांपैकी १.२ टक्के लोकांना. धोका साधारण तिप्पट झाला हे खरं, आणि शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना असं काही झालं नाही हेही तितकंच खरं. तुम्ही दोन महिने गोळी दिलीत म्हणजे बाबांना इजा केलीत, असं मनात आणू नका.

तुमच्या घराशी थेट संबंध असलेली गोष्ट पुढे आहे. त्याच औषधाच्या युरोपातल्या अधिकृत माहितीपत्रात लिहिलं आहे की मिश्र किंवा रक्तवाहिन्यांशी निगडित डिमेन्शियामध्ये हा धोका अल्झायमरपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त आढळला, म्हणून अल्झायमर सोडून इतर डिमेन्शियात रिस्पेरिडोन देऊ नये. अल्झायमरमध्येही ती मध्यम ते तीव्र अवस्थेत, टिकून राहिलेल्या आक्रमकतेसाठी, इतर उपाय थकल्यावर आणि जास्तीत जास्त सहा आठवड्यांपर्यंत, असं तिथे म्हटलं आहे. बाबांचं निदान मिश्र आहे, त्यांना एक पक्षाघात होऊन गेला आहे आणि गोळीला दोन महिने झाले आहेत. डॉक्टरांशी बोलताना हे तीनही मुद्दे त्याच शब्दांत मांडा. आवाज चढवायची गरज नाही. कोणताही चांगला डॉक्टर यावर थांबून विचार करेल.

‘मग दिलीच कशाला?’ असं दादा नक्की विचारेल. कारण आईचा हात पिरगाळला गेला होता. माणूस घरातल्यांना इजा करायला लागला, रात्र रात्र कुणाला झोप नाही, आणि समोर बसलेली बायको रडते आहे, अशा वेळी डॉक्टरांच्या हातात चटकन गुण देणारं फार थोडं असतं. ब्रिटनमध्ये प्रोफेसर सुबे बॅनर्जी यांनी २००९ मध्ये सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यांचा अंदाज असा होता की डिमेन्शियाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना दरवर्षी ही औषधं दिली जातात, त्यातल्या फार तर ३६,००० जणांना फायदा होतो, आणि त्यापायी दरवर्षी सुमारे १,८०० जास्तीचे मृत्यू आणि जवळपास तेवढेच जास्तीचे पक्षाघात होतात. म्हणजे पाचातल्या एकाला खरोखर उपयोग होतो. त्या एकाच्या घरासाठी ती गोळी मोलाची असते, आणि त्याची गोळी काढली तर त्रास परतूही शकतो. माझा राग गोळीवर नाही. ती सुरू होते आणि मग कुणीच तिची शेवटची तारीख ठरवत नाही, महिनोन्महिने चिठ्ठीवर चिठ्ठी चढत जाते, याचा मला राग आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये घालून दिलेला नियम साधा आहे : चार आठवड्यांत गुण आला नाही तर कमी करत बंद करा, गुण आला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून बघा, आणि बंद केल्यावरही निदान चार महिने लक्ष ठेवा.

या गोळीने पक्षाघात नेमका का होतो हे पक्कं कळलेलं नाही, पण संभाव्य कारणं समजून घ्या, कारण त्यावर घरी नजर ठेवता येते. उभं राहिल्यावर रक्तदाब खाली येतो. पेंग आल्यामुळे माणूस पाणी कमी पितो, हालचाल मंदावते, रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते. वजन आणि साखर वाढू शकते. ब्रिटनमधल्या १,७३,९१० डिमेन्शिया रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पक्षाघाताबरोबरच न्यूमोनिया, मूत्रपिंडाची इजा, हाड मोडणं आणि रक्ताच्या गुठळ्या यांचाही धोका वाढलेला दिसला, आणि बहुतेक धोके औषध सुरू केल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात सर्वांत जास्त होते. बाबांचा रक्तदाब निजलेले असताना मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त खाली आला तर डॉक्टरांना कळवा. उभं राहताना कुणीतरी शेजारी असू द्या.

आणि आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. बाबा पाय ओढत चालतात म्हणालात. दोन्ही पाय ओढतात की एकच? दोन्ही पाय सारखेच घासत असतील, पावलं लहान पडत असतील, चालताना हात झुलत नसतील, चेहरा निर्विकार वाटत असेल, तर तो बहुधा रिस्पेरिडोनचा परिणाम आहे आणि औषध थांबल्यावर काही आठवड्यांत कमी होत जातो. पण एकच पाय ओढला जात असेल, किंवा अमुक एका दिवसापासून अचानक सुरू झालं असेल, तर तो नवा पक्षाघात असू शकतो आणि त्यासाठी भेटीची तारीख यायची वाट पाहायची नाही. आज त्यांना तुमच्याकडे चालत येताना समोरून नीट बघा, आणि फोनवर डॉक्टरांना हेही सांगा. शिवाय बाबांना घरात नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात का, एखाद्या दिवशी अगदी लख्ख आणि दुसऱ्या दिवशी पार गोंधळलेले असं होतं का, हेही आठवा. तसं असेल तर लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियाचा विचार करावा लागतो, आणि त्या आजारात ही औषधं, विशेषतः हॅलोपेरिडॉल, अतिशय वाईट बाधू शकतात.

तुमच्या पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात ती लघवीच्या गोळीची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. सगळ्या तारखा एका रेघेत मांडून बघा. आठ महिन्यांपूर्वी डोनेपेझिल. तीन महिन्यांपूर्वी लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन. त्यानंतर महिन्याभरात संध्याकाळचा गोंधळ आणि ओरडणं. मग रिस्पेरिडोन. मग पेंग आणि ओढलेले पाय.

डोनेपेझिल मेंदूत अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन टिकवून धरते. हे रसायन आठवणीच्या कामी येतं, पण ते मूत्राशयालाही चालना देतं. त्यामुळे डोनेपेझिल घेणाऱ्या काही लोकांना घाईची लघवी सुरू होते. ऑक्सिब्युटिनिन नेमकं त्याच रसायनाला अडवते, आणि मूत्राशयापुरतं अडवून थांबत नाही, मेंदूतही शिरते. म्हणजे एकाच गाडीत एका पायाने अॅक्सिलेटर आणि दुसऱ्या पायाने ब्रेक दाबल्यासारखं झालं. अशा औषधाने वृद्ध माणसाला गोंधळ, भास, बद्धकोष्ठता होऊ शकते, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला लघवी तुंबूही शकते. एका गोळीचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून दुसरी गोळी, तिच्या दुष्परिणामासाठी तिसरी, असं डिमेन्शियाच्या घरांत फार वेळा होतं, आणि यात बहुतेक वेळा कुणा एका डॉक्टरची चूक नसते. पहिल्या डॉक्टरांना दुसऱ्यांनी काय दिलं ते ठाऊक नसतं, दुसऱ्यांना वाटतं लघवीची तक्रार वयामुळे आहे.

बाबांच्या बाबतीत असंच झालं, हे मी इथे बसून ठामपणे सांगू शकत नाही. पण संशय घ्यायला जागा आहे, आणि रिस्पेरिडोनबद्दल काही ठरण्याआधी हा संशय फिटला पाहिजे. डॉक्टरांना विचारा : ऑक्सिब्युटिनिन थांबवून बघता येईल का? लघवी तुंबते आहे का, ते सोनोग्राफीने पाहता येईल का? लघवीचा संसर्ग आहे का? डोनेपेझिलमुळे हे होत असेल तर तिचा डोस कमी करायचा का? लघवीसाठी मेंदूला कमी बाधणारं दुसरं औषध आहे, पण ते रक्तदाब वाढवू शकतं, म्हणून पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाला ते डॉक्टरांनी विचार करूनच द्यायचं. सर्दी, खाज, झोप यांसाठी घरात येणाऱ्या जुन्या अॅलर्जीच्या गोळ्या आणि झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन याही ऑक्सिब्युटिनिनच्याच जातीच्या आहेत. दुकानातून स्वतःहून आणलेलं काही चालू असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळी नेमकं काय होतं ते चार-पाच दिवस एका वहीत लिहून काढा. किती वाजता सुरू झालं, त्याआधी बाबा काय करत होते, शेवटची लघवी आणि शौच कधी झाली, हात कुठे जातो. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याचा हात बरंच सांगतो. ओटीपोटाकडे जात असेल तर मूत्राशय किंवा बद्धकोष्ठता. उजव्या खांद्याकडे जात असेल तर पक्षाघातानंतर आखडलेला खांदा, आणि तो फार दुखतो. कपडे बदलताना किंवा त्या हाताला धरून उठवतानाच ते ओरडत असतील तर ही शंका आणखी पक्की होते. नॉर्वेतल्या वृद्धाश्रमांत ३५२ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. डिमेन्शिया आणि अस्वस्थपणा असलेल्या लोकांना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक उपचार दिले, बऱ्याच जणांना फक्त पॅरासिटामॉल. अस्वस्थपणा सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाला. ही चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. ओरडणारा माणूस कदाचित दुखतंय एवढंच सांगत असतो आणि आपण त्याला गप्प करणारं औषध देतो. पॅरासिटामॉल सुरू करतानाही डोस डॉक्टरांकडूनच घ्या.

चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर आहे का, अंधार पडायच्या आधी दिवे लागतात का, दुपारी ते किती झोपतात, संध्याकाळी घरात एकदम गडबड होते का, हेही त्याच वहीत लिहा. हे उपाय ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्यांनी पक्षाघात होत नाही, एवढा एक गुण तर त्यांच्यात आहेच.

डोनेपेझिलबद्दल. ‘काही फरक पडला नाही’ असं तुम्ही लिहिलंत. या औषधाकडून आठवणी परत येण्याची अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेली आहे. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलॅन्टामिन ही तीन औषधं आणि वेगळ्या पद्धतीने काम करणारी मेमँटिन, यांपैकी कुणीही रोग थांबवत नाही. त्यांचा फायदा लहान असतो, आणि तो बहुतेक वेळा ‘घसरण थोडी हळू झाली’ असाच असतो. आठ महिन्यांपूर्वी बाबा स्वतःचे कपडे घालत होते आणि आजही घालत असतील, तर कदाचित तोच फरक आहे. निव्वळ पक्षाघातामुळे आलेल्या डिमेन्शियात ही औषधं सहसा देत नाहीत. बाबांचं निदान मिश्र असल्याने द्यायला आधार आहे. ब्रिटनमधल्या २९५ रुग्णांवरच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं की मध्यम ते तीव्र अल्झायमरमध्ये डोनेपेझिल चालू ठेवणाऱ्यांची स्थिती बंद करणाऱ्यांपेक्षा बरी राहिली. म्हणून रिस्पेरिडोन आणि डोनेपेझिल दोन्ही एकाच वेळी हलवू नका. नाहीतर काय कशामुळे झालं हे कुणालाच कळणार नाही. फक्त नाडी बघा. डोनेपेझिलने ती मंद होऊ शकते, चक्कर येऊ शकते. नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली असेल किंवा बाबा एकदाही बेशुद्ध होऊन पडले असतील, तर तो निरोप त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत जायला हवा. रात्री विचित्र स्वप्नं पडून ओरडत असतील तर गोळी सकाळी देता येईल का, हेही विचारा.

नव्या इंजेक्शनबद्दल चुलतभाऊ सांगतो ते खरं आहे, पण ते बाबांसाठी नाही. लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला २०२४ मध्ये. दोन्ही औषधं मेंदूतला अॅमिलॉइड नावाचा साठा काढतात आणि अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतच वापरली जातात. त्यांनीही बरं होत नाही, घसरण काहीशी मंदावते. आणि मेंदूला सूज येणं, मेंदूत बारीक रक्तस्राव होणं हा त्यांचा ठळक धोका आहे. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत औषध घेणाऱ्या १२.६ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये सूज आणि १७.३ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये रक्तस्रावाच्या खुणा दिसल्या, बहुतेकांना काही लक्षणं नसतानाही. ज्यांच्या मेंदूत आधीच पक्षाघाताच्या खुणा आहेत त्यांना या उपचारातून सहसा वगळतात. शिवाय हे औषध चालू असताना पक्षाघात झाला आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. अशी घटना घडलेली आहे. त्यामुळे हा विषय इथेच सोडून द्या, मनात रुखरुख ठेवू नका.

बाबांच्या डिमेन्शियावरचं सर्वांत भरवशाचं औषध तुमच्या घरात आधीपासून आहे : रक्तदाबाची गोळी, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी. स्मरणशक्तीशी त्यांचं नाव कुणी जोडत नाही, म्हणून त्या दुर्लक्षित राहतात. पहिल्या पक्षाघातानंतर साधारण दहापैकी एकाला डिमेन्शिया होतो. पक्षाघात पुन्हा झाला की हे प्रमाण तिघांत एकापेक्षा जास्त होतं. म्हणजे पुढचा झटका टाळणं हाच बाबांची उरलेली बुद्धी टिकवण्याचा मार्ग. पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांवरच्या, पेरिन्डोप्रिल वापरून रक्तदाब कमी करणाऱ्या एका मोठ्या चाचणीत पुन्हा पक्षाघात होऊन त्यापाठोपाठ येणारा डिमेन्शिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. ती चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. डिमेन्शियावरच्या कुठल्याही महागड्या औषधाकडे दाखवायला असं काही नाही.

पण या गोळ्या पोटात जातात का? हे बघा. विसरणारा माणूस गोळी हातात घेतो, ‘घेतली’ म्हणतो, आणि ती गादीच्या कडेला किंवा खिशात सापडते. किंवा सकाळी घेतली हे विसरून दुपारी पुन्हा घेतो. सात दिवसांच्या खणांची डबी आणा. गोळी द्या, वर पाणी द्या, आणि गिळेपर्यंत समोर थांबा. गिळताना ठसका लागत असेल तर तेही सांगा. पक्षाघातानंतर गिळण्याचे स्नायू दुबळे होतात आणि पेंग आणणाऱ्या औषधाने ते आणखी बिघडतं. नाडी अनियमित लागते का, ईसीजी शेवटचा कधी काढला, हेही विचारा. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर क्लोपिडोग्रेलऐवजी गुठळी रोखणारं वेगळं औषध लागू शकतं. आणि स्मरणशक्तीसाठी कुणी जिंको या झाडाच्या पानांपासून केलेल्या गोळ्या सुचवल्या तर घेऊ नका. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,०६९ वृद्धांवरच्या चाचणीत त्यांनी डिमेन्शिया टळला नाही, आणि क्लोपिडोग्रेलसोबत त्यांनी रक्तस्रावाची भीती असते.

डिमेन्शिया असलेल्या माणसाचा पक्षाघात लक्षात यायला उशीर होतो, कारण घरचे म्हणतात, ‘बोलणं तसंही बिघडलेलंच होतं.’ अचानक हा शब्द लक्षात ठेवा. अचानक तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, जीभ जड झाली, तोल गेला, किंवा कालपर्यंतचा गोंधळ आज एका तासात दुप्पट झाला, तर घड्याळ बघा आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तिथले डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील : ‘बाबा शेवटचे नीट कधी दिसले होते?’ त्या उत्तरासोबत औषधांची अद्ययावत यादी हातात असली पाहिजे, आणि ती दादाच्या, आईच्या आणि तुमच्या फोनमध्ये सारखीच असली पाहिजे.

आता दादा. त्याला आज रात्री सांगा, आईसमोर सांगा. ‘मी घाबरले आणि गोळी थांबवली, डॉक्टरांना फोन केला आहे, ते असं म्हणाले’ एवढंच. तो चिडेल. त्याला गोळीसोबतचा तो कागद वाचायला द्या, तुम्ही वाचून दाखवू नका. त्याच्या रागामागेही भीतीच आहे : गोळी गेली तर बाबा पुन्हा आईवर हात टाकतील. ती भीती रास्त आहे, आणि तिला उत्तर हवं. पुढचे दोन-तीन आठवडे संध्याकाळी आई बाबांपाशी एकटी राहणार नाही, एवढं तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. दिवस वाटून घ्या. त्याच्या वाटणीच्या संध्याकाळी वही त्यानेच लिहायची. बाबा अंगावर आले तर वाद घालायचा नाही, हात धरायचा नाही, दोन पावलं मागे सरून वाट मोकळी ठेवायची. आणि सगळं करून पाहिल्यावरही कुणाला इजा होण्याइतकी आक्रमकता परत आली, तर धोका समजून घेऊन, कमीत कमी डोसमध्ये, बंद करण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून घेऊन काही आठवडे औषध द्यावं लागू शकतं. तसं झालं तर तुम्ही हरलात असं मानू नका. आईही सुरक्षित राहायला हवी.

आईला झोप मिळते का, याबद्दल पत्रात एक शब्दही नाही. तिला विचारा.

भेटीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट एका पिशवीत घाला, वही घ्या आणि दादाला सोबत न्या. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, म्हणून ऑक्सिब्युटिनिनचा प्रश्न सर्वांत आधी विचारा, मग रिस्पेरिडोनचा. डोनेपेझिलचं पुढच्या भेटीत बोललात तरी चालेल.